बँड जमतो कसा?

(अमरावती आणि त्यानंतर अकोला येथे तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आजचा विषय बाहेर फळ्यावर लिहिलेला पाहून एका काकांनी मला विचारलं, "बेटा, लग्न कोणाचं आहे?" त्यांचं काही चुकलं नाही. आपल्या वऱ्हाडात बँड म्हटलं की लग्नाची बँड पार्टी डोळ्यांसमोर येते. लाल कोट, क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि घोड्यावर घामाघूम झालेला नवरदेव. बँडचा दुसराही एक अर्थ आपल्याला पाठ आहे. पेपर अवघड गेला की आपण म्हणतो, "आज आपला बँड वाजला."

मी बोलणार आहे ते तिसऱ्या बँडबद्दल. चार-पाच जण एकत्र येतात, स्वतःची गाणी स्वतः रचतात आणि गिटार, बेस, ड्रम, कीबोर्ड घेऊन स्वतःच वाजवतात. सिनेमासाठी नाही, कोणा कंपनीने सांगितलं म्हणूनही नाही. याला स्वतंत्र पॉप-रॉक बँड म्हणतात.

कोणी म्हणेल, शिक्षण, नोकरी, तलाक, हिजाब हे प्रश्न संपले का, की आता गिटार? प्रश्न संपलेले नाहीत. पण एक गोष्ट बघा. आपल्या समाजात संस्था नाहीत, आहेत त्या दोन-तीन घराण्यांच्या हातात आहेत, तिथे तरुणांना कोणी विचारत नाही, ही तक्रार आपण प्रत्येक मेळाव्यात करतो. बँड ही चार जणांनी चालवलेली सगळ्यात लहान संस्था आहे. तिला अध्यक्ष नसतो, देणगीदार नसतो. ठरलेल्या वेळेला येणं, पैशाचा हिशेब ठेवणं, दुसऱ्याचं ऐकणं, भांडण झालं तरी पुढच्या रविवारी पुन्हा बसणं, हे सगळं तिथे स्वतःच शिकावं लागतं. म्हणून बँड जमतो कसा आणि मोडतो कसा, हे आपण बघितलं पाहिजे.

आपल्या राज्यातलंच उदाहरण घेऊ. साल १९८४, मुंबई. टीव्ही म्हणजे दूरदर्शन. इंटरनेट नाही, मोबाइल नाही, चांगली गिटार मिळायची तर परदेशातून कोणीतरी आणायची. अशा वेळी काही तरुणांनी 'रॉक मशीन' नावाचा बँड काढला. महेश तिनईकर गिटार वाजवायचे, मार्क सेल्विन बेस. पुढे गायक म्हणून उदय बेनेगल आले. कीबोर्डवर झुबिन बलापोरिया, दुसऱ्या गिटारवर जयेश गांधी, ड्रमवर मार्क मेनेझेस असा संच झाला. ही आडनावं पुन्हा एकदा सावकाश म्हणून बघा. मुंबईतल्या किती वेगवेगळ्या घरांतून ही मुलं एका खोलीत आली असतील! त्यांना जोडणारी गोष्ट एकच होती, आवडणारं संगीत.

त्या काळी मुंबईत रॉक ऐकणारी मंडळी कॉलेजांच्या महोत्सवांत आणि धोबी तलावच्या रंगभवनात जमायची. रंगभवन म्हणजे उघड्या आकाशाखालचं नाट्यगृह. १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव सुरू झाला, तोही याच रंगभवनात गाजला. पण श्रोत्यांची एक सवय होती. त्यांना इंग्लंड-अमेरिकेतल्या प्रसिद्ध बँडचीच गाणी हवी असत. तुम्ही तंतोतंत नक्कल केली की टाळ्या. स्वतःचं गाणं काढलं की चुळबुळ. रॉक मशीननेही सुरुवात दुसऱ्यांच्याच गाण्यांपासून केली. हात तयार व्हायला ते लागतंच. पण तिथेच न थांबता त्यांनी स्वतःची गाणी लिहिली आणि १९८८ मध्ये त्या गाण्यांचा अल्बम काढला. दुसरा अल्बम १९९० मध्ये आला.

पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. नाव झालं होतं, चाहते होते, तरी १९९३ मध्ये त्यांनी बँडचं नावच बदललं. 'रॉक मशीन'चा 'इंडस क्रीड' झाला. इंडस म्हणजे सिंधू नदी. संगीत बदललं होतं, त्यात इथल्या मातीचे आवाज येऊ लागले होते, मग नावही इथलं घेतलं. त्याच वर्षी त्यांच्या 'प्रिटी चाइल्ड' या गाण्याच्या व्हिडिओला एमटीव्हीचा आशियातल्या प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला. १९९३ ची मुंबई कशी होती, हे तुमच्या आईवडिलांना विचारा. डिसेंबर-जानेवारीत दंगली, मार्चमध्ये बॉम्बस्फोट. शहर मोहल्ल्या-मोहल्ल्यांत फाटलं होतं, आणि त्याच शहरात अशा वेगवेगळ्या आडनावांचा बँड एका तालात वाजवत होता. त्यामुळे दंगल थांबली असं मी म्हणत नाही. पण एकत्र बसायची सवय ज्यांना आधीपासून असते, त्यांचं नातं बाहेरची हवा बिघडली म्हणून लगेच तुटत नाही.

१९९७ मध्ये हा बँड थांबला. बेनेगल आणि जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले, तिथे त्यांनी दुसरा गट काढला. मग २०१० मध्ये तिनईकर, बेनेगल आणि बलापोरिया पुन्हा एकत्र आले, दोन नवे वादक घेतले आणि २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' हा अल्बम केला. तेरा वर्षांनी! बँड मोडला तरी मैत्री मोडायची नसते, हे यातून शिकण्यासारखं आहे.

आणखी एक नाव सांगते, जे तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. ए. आर. रहमान. आपल्याला वाटतं हा माणूस 'रोजा'मधून १९९२ मध्ये एकदम उगवला. त्याआधी चेन्नईत ते 'रूट्स' नावाच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवायचे. ड्रम वाजवणारे शिवमणी त्यांच्यासोबतच होते. 'नेमेसिस अव्हेन्यू' नावाचा रॉक गटही रहमान यांनी काढला होता. ज्याला आपण एकट्याची कमाल म्हणतो, तीही चार जणांसोबत घासून-पुसून तयार होते.

आता तुम्ही म्हणाल, मॅडम, मुंबईच्या त्या पोरांना घरी कोणी "हे हराम आहे" असं म्हणत नव्हतं. आमच्या घरी म्हणतात. बरोबर आहे, हा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही.

लाहोरचा 'जुनून' बँड घ्या. सलमान अहमद हे शिक्षणाने डॉक्टर. शाळेची काही वर्षं त्यांनी अमेरिकेत काढली, तिथे ब्रायन ओकॉनेल नावाचा मित्र मिळाला. १९९० मध्ये सलमान यांनी गायक अली अजमत आणि कीबोर्ड वाजवणारे नुसरत हुसेन यांच्यासोबत 'जुनून' सुरू केला. पुढे नुसरत बाहेर पडले आणि बेस वाजवायला कोण आला? तोच शाळेतला मित्र, अमेरिकेहून पाकिस्तानात. सूफी शायरी आणि रॉक गिटार यांची त्यांनी जी मोट बांधली, ती भारतातही गाजली. १९९७ च्या 'आझादी' अल्बममधलं 'सय्योनी' तुमच्या मोठ्या भावा-बहिणींना नक्की आठवत असेल.

२००३ मध्ये बीबीसीने सलमान अहमद यांच्यावर एक माहितीपट दाखवला, 'द रॉकस्टार अँड द मुल्लाज'. त्या काळात पेशावरकडच्या प्रांतात धार्मिक पक्षांचं सरकार होतं आणि सार्वजनिक वाहनांत गाणी लावायला बंदी होती. सलमान गिटार घेऊन तिथे गेले आणि मौलवींना, मदरशातल्या मुलांना अदबीने विचारत राहिले, कुराणात संगीताला मनाई कुठे आहे ते मला दाखवा. आरडाओरडा नाही, अपमान नाही. प्रश्न विचारणं हाच त्यांचा मार्ग होता. आपल्या चळवळीचाही तोच आहे.

मी इथे फतवा द्यायला उभी नाही. एवढंच सांगते, की या प्रश्नावर मुसलमानांचं एकमत कधीच नव्हतं. अंदलूसचे इब्न हज्म अकराव्या शतकात होऊन गेले. संगीताविरुद्ध सांगितल्या जाणाऱ्या हदीस कमजोर आहेत, असं त्यांचं मत होतं. इमाम गजाली यांनी 'इह्या'मध्ये समाअवर मोठं प्रकरण लिहिलं. इब्न तैमिया यांचा विरोध होता. आपल्याकडे चिश्ती दर्ग्यांत कव्वाली शतकानुशतकं चालत आली. आणि इंग्लंडचे गायक कॅट स्टीव्हन्स यांचं बघा. १९७७ मध्ये इस्लाम स्वीकारून ते युसूफ इस्लाम झाले, त्यांनी गिटारी विकून टाकल्या. खूप वर्षांनी मुलाने घरात एक गिटार आणली, ती त्यांनी हातात घेतली आणि २००६ मध्ये नवा अल्बम केला. गाणं सोडणं हा त्यांचा निर्णय होता, परत येणं हाही त्यांचाच. तुमच्यापैकी कोणी विचार करून म्हणालं, की मला वाद्य नको, तर मला त्याचा आदर आहे. पण तो विचार तुमचा हवा. शेजाऱ्याच्या धाकाने घेतलेला निर्णय दीनदारी होत नाही, ती भीती असते.

धाकाने काय होतं, तेही ऐका. श्रीनगरमध्ये दहावीतल्या तीन मुलींनी एक बँड काढला, 'प्रगाश'. प्रगाश म्हणजे उजेड. एक गाणं म्हणायची आणि गिटार वाजवायची, दुसरी बेस, तिसरी ड्रम. डिसेंबर २०१२ मध्ये बँडच्या स्पर्धेत त्या पहिल्यांदा लोकांसमोर वाजवायला उभ्या राहिल्या आणि उत्तम सादरीकरणाचं बक्षीस घेऊन आल्या. त्यानंतर फेसबुकवर शिव्या, धमक्या सुरू झाल्या. फेब्रुवारी २०१३ मध्ये तिथल्या मुफ्तींनी गाण्याला इस्लामविरोधी ठरवलं. मुख्यमंत्री उमर अब्दुल्ला मुलींच्या बाजूने बोलले, पोलिसांनी गुन्हा नोंदवला, काहींना अटकही झाली. तरी काही दिवसांत बँड बंद झाला. एका कार्यक्रमाचा बँड!

आपण इथे बसून मुफ्तींना दोष देऊ शकतो, सोपं आहे. मला दुसराच प्रश्न छळतो. मुख्यमंत्री सोबत असून मुली का थांबल्या? कारण मुख्यमंत्री गल्लीत राहत नाही. गल्लीत राहतात मामू, खाला, शेजारी, वर्गातली मुलं. मुलीला वाचवतं ते पहिलं वर्तुळ. ते गप्प बसलं की कायदा उशिरा पोहोचतो. संविधानाच्या कलम १९ ने अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य दिलं, पण त्या स्वातंत्र्याला दारापर्यंत सोबत करणारी माणसं आपणच असतो. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंनी मुंबईत विधानभवनावर मोर्चा काढला, त्यात बायका होत्या फक्त सात. लोक हसले. पण त्या सातजणी एकमेकींना धरून चालल्या. संख्या कमी असली तरी चालतं, सोबत पक्की हवी.

म्हणून इथल्या मुलग्यांना माझं थेट सांगणं आहे. तुमच्या वर्गातली, मोहल्ल्यातली पोट्टी गायला उभी राहिली आणि तिच्या फोटोखाली कोणी घाण लिहिलं, तर तुम्ही तिथे काय लिहिता, यावर तिचा बँड टिकणार की नाही हे ठरतं. "मी तर काही बोललो नाही" हा बचाव होत नाही.

आता आपल्या गावाकडे येऊ. अमरावती-अकोला रस्त्याचा ७५ किलोमीटरचा पट्टा जून २०२२ मध्ये साधारण १०५ तासांत बांधून झाला, गिनेसमध्ये नोंद झाली. बँडला त्यापेक्षा जास्त वेळ लागतो, हे आधीच सांगून ठेवते. सहा महिने फक्त बेसूर वाजेल. पण सुरुवात करायला काय लागतं?

पहिली, जागा. आपल्या मोहल्ल्यांत घराला घर लागून आहे. नियमाप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. ड्रमसेट घरात वाजवला तर पहिली तक्रार अम्मीच करेल. म्हणून सुरुवातीला ड्रमऐवजी लाकडी पेटीसारखं काहोन किंवा साधी ढोलक चालेल, अँप्लिफायर नको. शादीखाने लग्नाच्या तारखा सोडल्या तर रिकामे असतात, शाळांचे वर्ग रविवारी कुलूपबंद असतात. इथे समोर बसलेल्या बुजुर्गांना माझी विनंती आहे. भाषण देऊ नका, किल्ली द्या. दोन तासांसाठी.

दुसरी, कान. ड्रमवाल्याचा पाय आणि बेसवाल्याची बोटं एकाच क्षणी पडली पाहिजेत. कव्वालीत ढोलक आणि टाळी जशी एकत्र पडते, अगदी तसं. त्यासाठी मोबाइलवर मेट्रोनोमचं ॲप लावा, टकटक ऐकत सावकाश वाजवा. ज्याला सगळ्यात जास्त येतं, त्याने सगळ्यात कमी वाजवायचं, हा बँडमधला अवघड धडा आहे.

तिसरी, वही. पहिल्या दिवसापासून लिहा. कोणी किती पैसे दिले, वाद्य कोणाचं, गाणं कोणी लिहिलं, चाल कोणी लावली. बहुतेक बँड सुरांवर फुटत नाहीत, इथे फुटतात. आणि गाणं लिहिणाऱ्याचा हक्क मोठा आहे. २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला, त्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत लढले. आता गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कागदावर सही करून घेतली तरी कोणाला हडप करता येत नाही. ही रॉयल्टी गोळा करून द्यायला आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे. हे माहीत असू द्या.

चौथी, मंच. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात आपले पाचही जिल्हे येतात. विद्यापीठांच्या युवा महोत्सवांत पाश्चात्त्य समूहगायनाची स्पर्धा असते. कॉलेजात जाऊन विचारा, आपल्याकडून कोण जातं? कोणी जात नसेल तर तुम्ही जा.

आणि भाषा? घरी आपण उर्दू-हिंदी-वऱ्हाडीची खिचडी बोलतो, शाळेत मराठी, फोनवर इंग्रजी. गाणं कुठल्या भाषेत लिहायचं, असं मुलं विचारतात. ज्या भाषेत तुम्हाला खरोखर राग येतो, त्या भाषेत लिहा. गजल फारसी-उर्दूतून आली आणि ती मराठीत रुजवली अमरावतीत जन्मलेल्या सुरेश भटांनी. तिला घरोघरी नेलं ते याच जिल्ह्यातल्या भीमराव पांचाळे यांनी. उर्दूतली वस्तू मराठीने अशी आपली केली. मग गिटारवर वऱ्हाडी बोलायला आपल्याला लाज कशाची? "काऊन बे" म्हणणारं रॉक गाणं मला ऐकायचं आहे.

शेवटची गोष्ट सांगते आणि थांबते. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. मे २०२३ मध्ये अकोल्यात तेच झालं, तिथे एक जीवही गेला. त्या दिवसांत या मोहल्ल्यातून त्या मोहल्ल्यात जाणं बंद होतं. पुन्हा सगळं उघडल्यावर पलीकडच्या कोणाला पहिला फोन केला, हे आठवा. बऱ्याच जणांकडे फोन करावा असा नंबरच नव्हता. तुमच्या बँडचा गिटारवाला पलीकडचा असेल तर नंबर असेल. "रविवारी येतोस ना?" एवढंच विचारायचं असेल. शांतता समितीच्या बैठका वातावरण बिघडल्यावर होतात. तुमची बैठक आधीपासून दर रविवारी चालू असेल.

त्या फळ्याजवळच्या काकांना मी सांगितलं, लग्न कोणाचंच नाही, पण चार घरं जोडायची आहेत. ते हसले आणि मागच्या रांगेत बसून पूर्ण भाषण ऐकलं. पुढच्या रविवारी खोली कुठली, हे आता इथून उठायच्या आधी ठरवा. पहिलं गाणं फसेल. दुसरं लिहा.